आकडा पाहिल्यानंतरचं मिनिट

येणे बाकीचा रिपोर्ट मी पहिल्यांदा डॅशबोर्डवर आणला त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. वर चार मोठे आकडे, मध्ये ग्राहकांच्या आडव्या पट्ट्या, उजवीकडे थकबाकी किती जुनी आहे ते दाखवणारा आलेख: ३० दिवसांपर्यंतची, ६० पर्यंतची, ९०च्या पुढची. एखाद्या पट्टीवर क्लिक केलं की बाकी सगळं त्या ग्राहकापुरतं बदलायचं. वसुलीचं काम बघणाऱ्या मॅडमना मी तो दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला, दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाल्या, "छान झालाय. पण माझी यादी कुठं आहे?"

यादी म्हणजे जुन्या सिस्टिममधून दर सोमवारी छापून निघणारा अकरा पानांचा रिपोर्ट. तो बंद करता यावा म्हणूनच मी हा नवा बनवला होता. सवय आहे, हळूहळू सुटेल, असं मी धरून चालले. पण पुढच्या सोमवारी काय मनात आलं कोण जाणे, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्यांनी आधी शेवटचं पान काढलं. तिथली एकूण बेरीज खात्यातल्या शिलकेशी ताडून पाहिली. ती जुळल्यावरच पहिल्या पानाकडे वळल्या. पहिल्या नावाखाली पट्टी ठेवली, फोन लावला, बोलणं झालं, नावापुढे पेन्सिलीने 'गुरुवारी' असं लिहिलं आणि पट्टी एक ओळ खाली सरकवली. मध्येच कुणी काही विचारायला आलं तर पट्टी जागची हलत नसे. तो माणूस गेला की काम नेमकं तिथूनच पुढे सुरू. दुपारपर्यंत तीन पानं झाली. मी विचारलं, आधी बेरीज कशासाठी? त्या म्हणाल्या, "बेरीज जुळली नाही म्हणजे कुणाचे तरी पैसे आलेत आणि खात्यात चढलेले नाहीत. तो कोण, हे मला ठाऊक नसतं. ज्याने कालच पैसे भरले त्यालाच मी आज फोन केला, तर पुढच्या वेळी तो माझा फोन उचलेल का?"

माझ्या डॅशबोर्डवर सगळ्यात मोठे पंधरा थकबाकीदार ठळक दिसत होते. बाकीचे बारीकसारीक शे-दोनशे जण 'इतर' नावाच्या एका पट्टीत गोळा झालेले. मॅडमच्या कामात 'इतर' नावाचा ग्राहकच नव्हता. त्यांना प्रत्येक नाव एकदाच आणि ठरलेल्या क्रमाने यायला हवं होतं, कुणी सुटलं नाही याची खात्री हवी होती, आणि आपण कुठवर आलो हे कळायला हवं होतं. यातली एकही गोष्ट माझ्या पडद्यावर नव्हती. मला कुणी ती सांगितली नव्हती हे खरं. पण मी विचारलीही नव्हती. मी विचारलं होतं, "तुम्हाला रिपोर्टमध्ये काय काय बघायला आवडेल?"

व्यवसायातला डेटा लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामात मला आता बरीच वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे "आम्ही रिपोर्टिंगसाठी कुठलं टूल घ्यावं?" विचारणाऱ्याला एखादं नाव हवं असतं. पॉवर बीआय की टॅब्लो, क्लिक की लुकर, की आहे ते एक्सेलच बरं. मी नाव सांगण्याआधी दुसरंच विचारते. हा आकडा ज्याच्यासाठी आहे, तो माणूस आकडा पाहिल्यानंतरच्या मिनिटाला काय करणार आहे? फोन उचलणार, उठून गोदामात जाणार, की खाली अजून एक प्रश्न विचारणार? या उत्तराशिवाय केलेली निवड मी फसताना पाहिलेली आहे. त्यातल्या काही निवडी माझ्याच होत्या.

मॅडमची यादी हा रिपोर्टचा सगळ्यात जुना प्रकार. आयबीएमने १९५९ साली एक भाषा काढली, तिचं नावच 'रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर'. पंच केलेली कार्डं आत जायची आणि छापलेला कागद बाहेर यायचा: प्रत्येक पानावर मथळा, विभाग बदलला की उपबेरीज, शेवटी एकूण बेरीज. पुढे क्रिस्टल रिपोर्ट्स आलं, २००४ साली मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टिंग सर्व्हिसेस आलं. यंत्रं बदलत गेली, पण कागदाची शिस्त तीच राहिली. आजही ग्राहकाला जाणारं खातेपत्रक, गोदामातल्या माणसाच्या हातातली माल काढायची यादी, सरकारी खात्यात भरायचा ठरावीक नमुना, ऑडिटरसमोर ठेवायचा कागद या सगळ्यांना हीच शिस्त लागते. पान कुठे तुटतं, मथळा पुढच्या पानावर पुन्हा येतो का, महिन्याभराने काढलेली प्रत आजच्यासारखीच दिसते का, हे इथले प्रश्न.

या रिपोर्टला लोक 'जुना' म्हणतात याचं मला वाईट वाटतं. पडद्यावर खेळता येणारी साधनं या कामात कच्ची आहेत. पॉवर बीआयच्या नेहमीच्या रिपोर्टमधलं लांबलचक टेबल पीडीएफमध्ये काढून बघा: त्या क्षणी पडद्यावर जेवढ्या ओळी दिसत होत्या तेवढ्याच छापल्या जातात, खाली स्क्रोल करून दिसणाऱ्या येत नाहीत. एका वितरकाला असं अर्धवट पत्रक गेलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याने त्यावरूनच हिशोब चुकता केला होता. २०१८पासून पॉवर बीआयमध्येही पानवार रिपोर्टची वेगळी सोय आली, ती याच गरजेपोटी. त्यामुळे टूल निवडायला बसलेल्यांना मी आधी सांगते, तुमच्याकडे पानं मोजून काम करणारी माणसं किती, ते पाहा. ती बहुतेक वेळा बैठकीला बोलावलेली नसतात.

याच्या अगदी उलट टोकाला आमचे डिस्पॅच बघणारे सर. त्यांना यादीशी देणंघेणं नव्हतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी गाड्या सुटायच्या आधी एकदा त्यांना चार आकड्यांवर नजर टाकायची असायची. सगळं ठीक असेल तर पुढच्या मिनिटाला ते काहीच करणार नव्हते. ठीक नसेल तर उठून थेट फलाटावर जाणार होते. हे खरं डॅशबोर्डचं काम. गाडी चालवणारा माणूस इंधनाच्या काट्याचा अभ्यास करत नाही.

त्यांच्यासाठी मी लाल-हिरव्या गोलांचा पडदा केला. महिना झाला तरी ते रोज जवळ येऊन विचारायचे, "यातलं अडलेलं कुठलं?" मला वाटायचं, ते नीट बघत नाहीत. शेवटी त्यांनीच संकोचत सांगितलं की लाल आणि हिरवा त्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना हा दोष जन्मतः असतो आणि इतरांतही तो अजिबात दुर्मीळ नाही, हे मी नंतर वाचलं. त्याच संध्याकाळी रंगांच्या जोडीला बाण आणि शब्द घातले. पंधरा मिनिटांचं काम होतं. तो महिना त्या माणसाने माझ्यामुळे अंदाजाने काढला, ही गोष्ट अजूनही मनाला लागून आहे.

याच सरांमुळे ताज्या आकड्यांबद्दलही माझं मत पक्कं झालं. 'रिअल टाइम' हा शब्द टूल विकत घेताना फार ओढ लावतो. डेटा स्वतःकडे उचलून आणून ठेवायचा, की प्रत्येक क्लिकला मूळ सिस्टिमला जाऊन विचारायचं, असे दोन रस्ते बहुतेक साधनांत असतात. पहिल्यात पडदा झटकन उघडतो पण आकडे शेवटच्या रिफ्रेशच्या वेळचे असतात. पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर वेळापत्रकाने दिवसाला ८ रिफ्रेश करता येतात. दुसऱ्यात आकडा आत्ताचा मिळतो, पण महिनाअखेरीला शंभर जण एकदम क्लिक करू लागले की ज्या सिस्टिमवर इन्व्हॉइस बनत आहेत तीच धापा टाकू लागते. सरांना पंधरा मिनिटांपूर्वीचा आकडा चालत होता, कारण फलाटावर जाऊन परत यायलाच तेवढा वेळ लागायचा. महिन्याच्या आढाव्याला तर आकडा गोठवलेलाच हवा. चर्चा चालू असताना समोरची बेरीज बदलली, तर पुढची दहा मिनिटं ती का बदलली यातच जातात. म्हणून मी विचारते, या आकड्यावर निर्णय किती वेळाने घेतला जातो? त्याहून ताजा डेटा मिळवण्यासाठी पैसे आणि सर्व्हर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता तिसरी माणसं. यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त शिकले ती यांच्याकडून.

कुठला रिपोर्ट किती वेळा उघडला, कुठलं बटण दाबलं, याची नोंद आमच्या सर्व्हरवर राहायची. एकदा ती चाळताना दिसलं की सगळ्यात जास्त दाबलेलं बटण होतं 'एक्सेलमध्ये घ्या'. इतक्या मेहनतीने उभे केलेले आलेख, फिल्टर, खाली उतरत जाण्याच्या वाटा, आणि लोक ते उघडून सरळ डेटा उचलून नेत होते. मला ते अपमानासारखं लागलं. मी साहेबांना सांगून ते बटण बंद करवून घेतलं. सगळ्यांनी एकाच जागी, एकाच आकड्यावर काम करावं, असं कारण दिलं. ते खोटंही नव्हतं. दोन आठवड्यांनी खरेदी विभागात गेले तर एक मुलगा पडद्यावरचे आकडे बघून बघून एक्सेल शीटमध्ये हाताने टाइप करत होता. एका ठिकाणी त्याने ४६०चे ६४० केले होते आणि त्यावरून ऑर्डर गेली होती. मी त्याच दिवशी बटण परत सुरू केलं आणि विभागातल्या प्रत्येकाची माफी मागितली.

मग पुन्हा खुर्ची ओढून शेजारी बसणं आलं. त्या मुलाच्या शीटमध्ये माझ्या रिपोर्टमधले सहा कॉलम होते आणि त्याने स्वतः जोडलेले तीन. एकात पुरवठादाराने फोनवर दिलेली खरी तारीख, कारण सिस्टिममधली तारीख कराराची असायची आणि ती कधीच पाळली जात नसे. दुसऱ्यात तो भाग नवीन मॉडेल आल्यावर बंद होणार आहे का, याची खूण. तिसऱ्यात त्याचा स्वतःचा अंदाज. कंपनीत खरेदीच्या कामाचं सगळ्यात मोलाचं ज्ञान या तीन कॉलममध्ये होतं आणि ते कुठल्याही डेटाबेसमध्ये नव्हतं. त्याला दुसरं टूल देऊन काही उपयोग नव्हता. त्याला हवी होती हे तीन कॉलम भरायची एक जागा, जिथून ते उद्या माझ्याच रिपोर्टमध्ये दिसतील. एक छोटं टेबल आणि एक साधा फॉर्म, एवढ्यावर ते भागलं.

कॉस्टिंग बघणाऱ्या मॅडमची गोष्ट निराळी. त्यांचा प्रश्न रोज नवा असायचा, आणि एका प्रश्नाचं उत्तर दिसल्याशिवाय पुढचा प्रश्न त्यांना स्वतःलाही माहीत नसायचा. तयार रिपोर्ट म्हणजे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर. ते त्यांना पुरणं शक्यच नव्हतं. त्यांची बोटं पिव्हटवर, म्हणजे एक्सेलमधल्या हवं तसं फिरवता येणाऱ्या बेरजांच्या टेबलवर, चालत. कॉलम इकडून तिकडे ओढायचा, बघायचं, परत ओढायचा. त्यांना एक्सेल सोडायला लावण्याऐवजी आम्ही एक्सेलच मूळ मॉडेलला, म्हणजे सर्व्हरवर एकत्र मांडलेल्या डेटाला आणि सूत्रांना, जोडून दिलं. पिव्हट त्यांच्याच शीटमध्ये, पण आकडे आणि सूत्रं सर्व्हरवरून येणारी. रोज डेटा उचलून नेणं संपलं. त्याआधी त्यांना क्लिक (Qlik) हे टूल दाखवलं होतं, आणि त्यातली एक गोष्ट त्यांना फार आवडली होती: काहीही निवडलं की त्याच्याशी संबंध नसलेल्या गोष्टी करड्या होऊन तिथेच राहतात. कोणत्या ग्राहकाने काय घेतलं ते कुठलाही आलेख दाखवतो. कुणी काहीच घेतलं नाही हे दिसायला अशी करडी जागा लागते. लायसन्सचं गणित बसलं नाही म्हणून ते आम्ही घेतलं नाही, पण 'काय झालं नाही' हे दाखवणारा एक रिपोर्ट मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी करते.

आणि एक शाखाप्रमुख होते. ते फक्त बेरीज परत करून बघण्यासाठी डेटा नेत असत. कॅल्क्युलेटरवर दोनदा बेरीज, मग समाधान. त्यांचा माझ्या आकड्यावर विश्वास नव्हता, आणि तो नसण्याला कारण होतं. सुरुवातीच्या काळात परत आलेल्या मालाची वजाबाकी एकदा माझ्याकडून राहून गेली होती. त्यांना मी बेरजेवर क्लिक केलं की खालची सगळी इन्व्हॉइस ओळीने उघडतील अशी सोय करून दिली. चार-पाच महिने ते रोज उघडून बघत राहिले. नंतर कधीतरी नोंदीत दिसलं की आता ते नुसता आकडा बघतात. त्या दिवशी मला जे बरं वाटलं, तसं कुठल्याही सुंदर आलेखाने वाटलेलं नाही.

एक्सेलची इतकी बाजू घेताना त्याची खोट झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क हे एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट आलं तेव्हा एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलतात, ही गोष्टच विलक्षण होती. ती ताकद प्रत्येकाच्या हातात आली, आणि तिच्याबरोबर कुणी न तपासलेलं सूत्रही प्रत्येकाच्या हातात आलं. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करताना जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल वापरली गेली. तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची. मर्यादेपलीकडच्या नोंदी गळत राहिल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांत आलीच नाही. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. पण मर्यादा कितीही असली तरी ती ओलांडली गेली हे कुणाला कळणार कसं, हा प्रश्न राहतोच. त्याच वर्षी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही नावं चक्क बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं, 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१'. साधन बदलेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी नावं बदलली.

मी यातून एवढंच घेतलं की एक्सेल विचार करण्याची जागा म्हणून ठेवावी, डेटा वाहून नेण्याचा रस्ता म्हणून नाही. एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये, तिथून मेलने तिसऱ्याकडे असा आकड्यांचा प्रवास सुरू झाला की मी काळजीत पडते.

या सगळ्याच्या खाली एक गोष्ट आहे आणि तिला कुठल्याही टूलचं नाव नाही. एका आढावा बैठकीत तीन विभागांनी तीन कागद आणले, तिघांवरही मथळा 'मासिक विक्री', आणि तीन बेरजा वेगवेगळ्या. चाळीस मिनिटं कुणाचा आकडा खरा यावर गेली. तिघांचाही खरा होता. एकाने मिळालेल्या ऑर्डर मोजल्या होत्या, दुसऱ्याने गोदामातून सुटलेला माल, आणि तिसऱ्याने परतावा वजा करून केलेली इन्व्हॉइस. साहेब वैतागून म्हणाले, "आपल्याला चांगलं टूल घ्यायला हवं." मी गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. नवं टूल आलं, त्यात खर्च झाला, आणि तीन बेरजा अधिक सुबक रंगांत दिसू लागल्या.

'विक्री' या शब्दाचा अर्थ बसून ठरवावा लागतो, आणि तो माणसांनीच ठरवायचा असतो. ठरल्यावर तो एकाच जागी लिहून ठेवायचा आणि यादी, डॅशबोर्ड, पिव्हट या सगळ्यांनी तिथूनच आकडा घ्यायचा. लुकरमध्ये हे लिहिण्यासाठी वेगळी भाषाच आहे, पॉवर बीआयमध्ये मॉडेलमधली मेजर्स, म्हणजे एकदाच लिहून ठेवलेली सूत्रं, आहेत. आकडे ठेवणारं टेबल मध्यभागी आणि ग्राहक, माल, तारीख, शाखा अशी वर्णनाची टेबलं भोवती, ही डेटाच्या मांडणीवर लिहिणारे राल्फ किंबॉल यांनी १९९०च्या दशकात रुळवलेली मांडणी मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. व्यवसायातला माणूस जसा बोलतो, 'अमुक शाखेची अमुक मालाची या महिन्याची विक्री', तशीच ती रचलेली असते.

सूत्र एका जागी का हवं, याचं एक छोटं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देते. एका गोदामातून १०० खेपा गेल्या, त्यातल्या २ उशिरा. दुसऱ्यातून १० गेल्या, त्यातल्या ५ उशिरा. पहिल्याचं प्रमाण २ टक्के, दुसऱ्याचं ५०. रिपोर्टमध्ये टक्क्यांचा कॉलम तयार करून खाली सरासरी लावली की २६ टक्के दिसतं. प्रत्यक्षात ११० पैकी ७, म्हणजे ६.४ टक्के. दोन्ही आकडे पडद्यावर सारखेच रुबाबदार दिसतात. बनवणाऱ्याने टक्केवारी साठवली की बेरजांवरून दर वेळी नव्याने काढली, यावर सगळं अवलंबून. टूल निवडताना मी हेच उदाहरण घेऊन बसते आणि म्हणते, हे तुमच्या साधनात करून दाखवा, आणि मग त्यावर शाखेचा फिल्टर लावा.

आता तर साध्या वाक्यात प्रश्न विचारला की उत्तर देणारी साधनंही आली आहेत. मला ती आवडतात, पण "गेल्या महिन्यात विक्री किती?" या प्रश्नात 'विक्री' कुठली, हे आधी कुणी ठरवलेलंच नसेल तर तीही तीनपैकी एक अर्थ उचलून ठामपणे सांगणार. बैठकीत निदान तीन कागद समोर होते.

खरेदीच्या वेळी साठ-सत्तर वैशिष्ट्यांचा तक्ता येतो, प्रत्येक रकान्यात बरोबरच्या खुणा. विक्रेत्याच्या डेमोमधला डेटा स्वच्छ, नावं नीट, एकही तारीख रिकामी नाही. मी तक्ता बाजूला ठेवते. आपल्याकडचा सगळ्यात वेडावाकडा एक रिपोर्ट देते, खऱ्या डेटासकट, आणि तो समोर बनवायला सांगते. तो झाला की बनवणाऱ्याला उठवून त्या जागी रोजच्या वापरणाऱ्याला बसवते आणि एकच बदल करायला सांगते, उदाहरणार्थ महिन्याऐवजी आठवड्याने दाखवा. तो माणूस किती वेळा मागे वळून बघतो, ते मी मोजते. लायसन्स बनवणाऱ्याला लागतं की नुसत्या बघणाऱ्यालाही, आणि एका शाखेला दुसरीचे आकडे दिसणार नाहीत ही व्यवस्था कुठे लिहायची, हे दोन प्रश्नही त्याच बसल्या बैठकीत.

आणि टूल कायमचं नसतं, हे मनात धरूनच ते घ्यावं. मायक्रोसॉफ्टचा परफॉर्मन्सपॉइंट सर्व्हर २००७मध्ये आला आणि २००९मध्ये स्वतंत्र उत्पादन म्हणून थांबला. २०१२च्या सुमारास आलेलं त्यांचंच पॉवर व्ह्यू सिल्व्हरलाइट या ब्राउझरमधल्या जोडसाधनावर चालायचं. सिल्व्हरलाइट गेलं, तेही गेलं. २००७ या एका वर्षात रिपोर्टिंगची साधनं बनवणाऱ्या तीन कंपन्या, हायपेरियन ओरॅकलने, बिझनेस ऑब्जेक्ट्स सॅपने आणि कॉग्नॉस आयबीएमने घेतल्याच्या घोषणा झाल्या. २०१९मध्ये टॅब्लो सेल्सफोर्सने घेतलं. ज्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसवर मी काम शिकले, त्याची २०२२ची आवृत्ती शेवटची. ज्यांनी सगळी सूत्रं रिपोर्टच्या आत कोंबून ठेवली होती त्यांना प्रत्येक स्थलांतरात ती एकेक करून उकरून काढावी लागली. मीही उकरली आहेत, रात्री जागून, आणि काहींचा अर्थ लिहिणाऱ्यालाही सांगता आला नव्हता.

मध्यंतरी आमच्याकडे असंच स्थलांतर झालं. येणे बाकीच्या यादीचं काम टीममधल्या नव्या मुलीकडे होतं. तिने फार नीट केलं. पानं तुटण्याच्या जागा, मथळे, उपबेरजा, सगळं जुन्यासारखं. फक्त उजवीकडचा 'शेरा' नावाचा कॉलम तिने काढून टाकला, कारण जुन्या रिपोर्टमध्ये तो कायम रिकामा असायचा, त्याच्यामागे कुठलाच डेटा नव्हता. सोमवारी सकाळी पहिला फोन वसुलीतून आला. मी तिला काही समजावत बसले नाही. म्हटलं, खुर्ची घेऊन जा आणि मॅडमच्या शेजारी बस.

ती दीड तासाने परत आली. कॉलम परत घातला, आणि रुंदी चारऐवजी साडेचार सेंटिमीटर ठेवली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "त्या 'गुरुवारी' लिहितात ना, तेव्हा शेवटचं अक्षर ओळीबाहेर जात होतं."